वर्डप्रेसमध्ये स्वतःचं ॲडमिन पेज बनवताना सारखे सारखे येणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न मला कुणी ना कुणी खरंच विचारलेत, काही तर तीन-तीनदा, म्हणून एकदाचे लिहून काढले. उदाहरण शक्यतो एकच ठेवलंय: तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था, तिच्या साइटवर ठेवींचे व्याजदर, आणि ते दर बदलायचं काम लेखनिक काकांकडे. आधी असं चालायचं की दर बदलले की काकांचा फोन यायचा आणि मी कोडमध्ये शिरून आकडा बदलायचे, दोन वर्षं हे केल्यावर कंटाळून त्यांना ॲडमिनमध्ये 'व्याजदर' नावाचं पेज करून दिलं. फंक्शनची आणि हुकची (वर्डप्रेसने आपला कोड अडकवायला ठेवलेल्या जागा) नावं इथे देवनागरीत लिहिलीयत, कोडमध्ये ती इंग्रजीतच टाइप करायची, खालची रेघ दिसेल तिथे अंडरस्कोअर.

१. ॲडमिन पेज म्हणजे नक्की काय? 'पेजेस' मध्ये जाऊन नवीन पेज करतो तेच का?

नाही. 'पेजेस' मधलं पेज हे साइट बघायला येणाऱ्यांसाठी असतं. ॲडमिन पेज म्हणजे लॉगिन केल्यावर डावीकडे जो काळा मेन्यू दिसतो त्यात आपण घातलेली स्वतःची एंट्री आणि ती दाबल्यावर उघडणारा स्क्रीन. तिथे फॉर्म असेल, यादी असेल, नुसती माहिती असेल, काहीही. बाहेरच्या माणसाला ते दिसतच नाही.

२. मला खरंच वेगळं पेज लागतंय का? कस्टम पोस्ट टाइपने भागत नाही का?

निम्म्या वेळा भागतं, आणि हा प्रश्न लोक सगळं बांधून झाल्यावर विचारतात. मी असं बघते: एकसारख्या बऱ्याच गोष्टी असतील, प्रत्येकीला नाव, फोटो, तारीख असेल, जसं की शाखा, संचालक, सूचना, तर पोस्ट टाइप, म्हणजे पोस्ट्ससारखाच आपला एक नवा प्रकार. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून ही सोय नीट आहे, यादी, शोध, कचरापेटी सगळं आयतं मिळतं, ते स्वतः लिहायला गेलात तर आठवडा गेला. आणि जे पूर्ण साइटला एकच असतं, म्हणजे व्याजदराचा तक्ता, फोन नंबर, 'आज कार्यालय बंद आहे' ची पट्टी, त्याला सेटिंग्जचं पेज. एसीएफ (ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, जादा फील्डं करून देणारं प्लगिन) च्या पेड व्हर्जनमध्ये ऑप्शन्स पेज मिळतं, कोड लिहायचा नसेल तर तेही चांगलं, पण मग दरवर्षीचं लायसन्स कोण भरणार हे क्लायंटला आधी विचारून घ्या.

३. कोड थीमच्या फंक्शन्स.पीएचपी मध्ये टाकला तर चालतं ना?

चालतं, थीम अपडेट होईपर्यंत. अपडेट झाली की फाइल नवी आणि तुमचं पेज गायब. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसवलेली आपली वेगळी छोटी थीम) टाकलं तर वाचतं, पण उद्या कुणी थीमच बदलली तर परत तेच. छोटं प्लगिन करा, वर दोन ओळींची कॉमेंट लिहिली की प्लगिन झालं, त्यात अवघड काही नाही. क्लायंट उत्साही असेल आणि 'हे काय आहे बघू' म्हणत प्लगिनं बंद करत असेल तर फाइल एमयू-प्लगिन्स फोल्डरमध्ये ठेवा, तिथलं प्लगिन ॲडमिनमधून बंदच करता येत नाही. फक्त त्या फोल्डरच्या आत अजून फोल्डर केलात तर आतल्या फाइल आपोआप लोड होत नाहीत, फाइल थेट वरच्या पातळीवर हवी.

४. मेन्यूत नाव यायला कमीत कमी काय लिहावं लागतं?

एक फंक्शन लिहा, ते ॲडमिन_मेन्यू या हुकला लावा, आणि आत ॲड_मेन्यू_पेज बोलवा. त्याला सात गोष्टी देता येतात, याच क्रमाने: ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं शीर्षक, मेन्यूत दिसणारं नाव, कॅपेबिलिटी (पेज कुणाला उघडता येईल ती परवानगी), स्लग (पेजचं पत्त्यात येणारं नाव), पेजचा मजकूर छापणारं कॉलबॅक (वेळ आली की वर्डप्रेस बोलावतं ते आपलं फंक्शन), आयकॉन, आणि जागेचा नंबर. शेवटचे दोन नाही दिले तरी चालतं. नाव मराठीत खुशाल द्या, 'व्याजदर' असं मस्त दिसतं. स्लग मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत, का ते प्रश्न १४ आणि १६ मध्ये.

कॉलबॅक पेजचा मजकूर परत करत नाही, छापतं, म्हणजे इको करतं. रिटर्न लिहून बसलं तर कोरं पेज येतं आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत राहतो.

५. मेन्यूत स्वतंत्र जागा घेऊ की 'सेटिंग्ज' च्या खाली टाकू?

एकच पेज असेल आणि महिन्यातून एकदा उघडणार असेल तर सेटिंग्जखाली टाका, त्यासाठी ॲड_ऑप्शन्स_पेज आहे. टूल्सखाली हवं तर ॲड_मॅनेजमेंट_पेज. रोज लागणारं असेल तर वर स्वतंत्र.

जागेचे नंबर असे: डॅशबोर्ड २, पोस्ट्स ५, मीडिया १०, पेजेस २०, कॉमेंट्स २५, अपीअरन्स ६०, प्लगिन्स ६५, यूझर्स ७०, टूल्स ७५, सेटिंग्ज ८०. नंबर दिलाच नाही तर तळाला जाऊन बसतं. काही प्लगिनवाले थेट डॅशबोर्डच्या खाली येऊन बसतात, लग्नाच्या पंगतीत पहिल्या ताटावर बसल्यासारखे, तसं करू नका. मी काकांचं पेज २६ वर ठेवलं, कॉमेंट्सच्या लगेच खाली, कारण त्यांच्या छोट्या लॅपटॉपवर स्क्रोल न करता तिथपर्यंतच दिसत होतं.

६. सबमेन्यू केला तर मेन नाव खाली पुन्हा दिसतंय. ते कसं घालवू?

ते घालवता येत नाही असं समजून त्याचं नाव बदला. पहिला सबमेन्यू ॲड_सबमेन्यू_पेज ने करताना त्याचा स्लग मेन मेन्यूच्याच स्लगसारखा हुबेहूब द्या आणि नाव वेगळं. मग वर 'पतसंस्था' आणि खाली पहिलं 'व्याजदर' असं नीट दिसतं.

७. कॅपेबिलिटीच्या जागी काय लिहायचं? 'एडिटर' लिहिलं तर चालेल?

रोलचं नाव लिहू नका, काही वेळा चालून जातं पण ते भरवशाचं नाही. कामाचं नाव लिहायचं असतं. मॅनेज_ऑप्शन्स म्हणजे फक्त ॲडमिनिस्ट्रेटर. एडिट_अदर्स_पोस्ट्स किंवा एडिट_पेजेस लिहिलं की एडिटरपर्यंत येतं. एडिट_पोस्ट्स लिहिलं तर ऑथर आणि काँट्रिब्यूटरसुद्धा आत येतात, बहुतेक वेळा ते नको असतं. अगदी नेटकं करायचं तर स्वतःची एक कॅपेबिलिटी बनवा, रोलला जोडा आणि तीच वापरा, पैशाबिशाचे आकडे असतील तर मी तेच करते.

काकांना ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकणं हा शॉर्टकट सगळ्यांना सुचतो. मलाही सुचला होता. दुसऱ्याच आठवड्यात एक प्लगिन 'अपडेट करा म्हणत होतं म्हणून केलं' आणि साइट पांढरी.

८. फॉर्म सेव कसा करायचा? सेटिंग्ज एपीआय (सेटिंग्ज साठवायची वर्डप्रेसची तयार पद्धत) लागतंच का?

लागतंच असं नाही, पण सेटिंग्ज साठवायचे असतील तर तेच वापरा. २००८ च्या २.७ आवृत्तीपासून आहे आणि अजून तसंच चालतंय. पद्धत अशी की ॲडमिन_इनिट हुकवर रजिस्टर_सेटिंग ने गट आणि ऑप्शनचं नाव नोंदवायचं, सोबत तपासणीचं कॉलबॅक द्यायचं, फॉर्मची ॲक्शन ऑप्शन्स.पीएचपी ठेवायची, आणि फॉर्मच्या आत सेटिंग्ज_फील्ड्स ला तोच गट द्यायचा. नॉन्स (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे ओळखायचा तात्पुरता शिक्का), सेव करणं, परत त्याच पेजवर आणणं हे सगळं वर्डप्रेस बघतं.

गटाच्या नावात एका अक्षराचा फरक पडला की 'नॉट इन द अलाउड ऑप्शन्स लिस्ट' असा एरर येतो. तो दिसला की दुसरीकडे कुठे बघूच नका, गटाचं नाव दोन्हीकडे कॉपी-पेस्ट करा.

सेटिंग साठवायचं नसून काहीतरी करायचं असेल, म्हणजे सीएसव्ही आयात, मेल पाठवणं, जुन्या नोंदी पुसणं, तर ॲडमिन-पोस्ट.पीएचपी वापरा. फॉर्ममध्ये ॲक्शन नावाचं लपलेलं फील्ड, आणि ॲडमिन_पोस्ट_ च्या पुढे तेच नाव जोडून केलेला हुक. तिथे नॉन्स आणि परवानगी दोन्ही तुम्हालाच तपासायचंय, त्याबद्दल प्रश्न १५.

९. एडिटरला पेज दिसतं, फॉर्म दिसतो, पण सेव दाबलं की 'यू नीड अ हायर लेव्हल ऑफ परमिशन'. असं का?

हा माझा स्वतःचा एक अख्खा रविवार खाल्लेला प्रश्न. मेन्यूला एडिट_पेजेस दिलं म्हणून काकांना पेज दिसायला लागलं, पण फॉर्म जातो ऑप्शन्स.पीएचपी कडे, आणि ते तुमच्या मेन्यूला विचारत नाही, त्याला स्वतःहून मॅनेज_ऑप्शन्सच हवं असतं. म्हणजे दारावरच्या वॉचमनने सोडलं आणि आतल्या काउंटरवर अडवलं.

उपाय एका फिल्टरचा (वर्डप्रेसची किंमत बदलू देणारा हुक) आहे: ऑप्शन_पेज_कॅपेबिलिटी_ आणि त्याला जोडून तुमच्या गटाचं नाव. त्यातून एडिट_पेजेस परत करा, झालं. इथे गटाचं नाव लागतं, ऑप्शनचं नाही आणि मेन्यूच्या स्लगचंही नाही, तिन्ही सारखीच ठेवायची सवय असेल तर हा फरक कधी कळतच नाही.

आणि टेस्ट करताना स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने करू नका ना. दुसऱ्या ब्राउझरमध्ये एडिटरचं लॉगिन उघडं ठेवा. ॲडमिनला यातलं काहीच दिसत नाही, म्हणूनच हे क्लायंटकडे जाऊन फुटतं.

१०. मेन्यू दिसतोय, पण दाबल्यावर पेजच उघडत नाही, 'नॉट अलाउड टू ॲक्सेस धिस पेज' म्हणतंय.

हे प्रश्न ९ पेक्षा वेगळं, इथे सेवपर्यंत गोष्ट जातच नाही. बहुतेक वेळा परवानगीचा यात काही संबंधही नसतो, मेसेज उगाच घाबरवतो. दुसरीकडे कुठे हाताने लिंक लिहिलेली असते आणि त्यात स्लग चुकलेला असतो, किंवा पेज सेटिंग्जखाली आहे आणि लिंक ॲडमिन.पीएचपी ची दिलीय, ती ऑप्शन्स-जनरल.पीएचपी ची हवी. लिंक हाताने लिहूच नका, मेन्यू_पेज_यूआरएल ला स्लग दिला की बरोबर पत्ता देतं. तिसरं कारण, मेन्यू ॲडमिन_इनिट वर नोंदवलाय. ॲडमिन_इनिट हे ॲडमिन_मेन्यू च्या नंतर चालतं, तोपर्यंत वेळ गेलेली असते.

११. सेव झालं तरी 'सेटिंग्ज सेव्ह्ड' दिसत नाही. दुसऱ्या साइटवर तर दोनदा दिसतंय!

दोन्हीचं मूळ एकच. पेज 'सेटिंग्ज' च्या खाली असेल तर वर्डप्रेस तो मेसेज आपोआप दाखवतं. स्वतंत्र मेन्यू असेल तर कॉलबॅकमध्ये सेटिंग्ज_एरर्स() तुम्हाला बोलवावं लागतं. सेटिंग्जखाली असताना पण बोलवलंत की दोनदा. मेसेज दिसला नाही की काका पाच वेळा सेव दाबतात आणि मग फोन करतात, तेव्हा एवढं बघाच.

१२. चेकबॉक्सची टिक काढून सेव केलं तरी परत टिक येते. आणि टॅब केले तर दुसऱ्या टॅबमधलं सगळं उडतं.

दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण आधी एक गोष्ट लक्षात घ्या: टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. 'नाही' असं पाठवत नाही, काहीच पाठवत नाही.

आता टिकेचं. तुम्ही सगळे सेटिंग एका ॲरेत ठेवता आणि वाचताना डीफॉल्टसोबत मिसळता. टिक काढली की त्या चेकबॉक्सची नोंद ॲरेत नसते, मग डीफॉल्टमधली 'चालू' तिच्या जागी येते, झालं भूत तयार. तपासणीच्या कॉलबॅकमध्ये स्वतःहून लिहा, चेकबॉक्सची नोंद आली असेल तर एक, नसेल तर शून्य.

टॅबचं जरा जास्त दुखतं. ऑप्शन्स.पीएचपी गटातल्या प्रत्येक ऑप्शनला हात लावतं, जे फॉर्ममधून आलं नाही ते रिकामं करून टाकतं. पहिल्या टॅबवर सेव केलं तेव्हा दुसऱ्या टॅबची फील्डं पेजवर नव्हतीच, म्हणून ती पुसली गेली. दर टॅबला वेगळा गट करा. किंवा सगळं एका ॲरेत असेल तर कॉलबॅकमध्ये आधीचा जुना ॲरे वाचून त्यावर नवीन मिसळा, पण मग चेकबॉक्सवाला शून्य आठवणीने, आणि तोही त्याच टॅबच्या चेकबॉक्सपुरता.

१३. क्लायंटने '८.५' लिहिलं आणि साइटवर शून्य टक्के व्याज दिसलं. हसू नका, खरंच झालंय.

हसत नाही, आमच्याकडेही झालंय. काकांचा कीबोर्ड मराठीत होता आणि त्यांनी मराठी आकडे टाइप केले, चूक त्यांची नाही. पीएचपीचं फ्लोटव्हॅल, इंटव्हॅल, वर्डप्रेसचं ॲबसिंट, कुणालाच देवनागरी आकडा कळत नाही, पहिल्याच अक्षराला अडखळून शून्य देतात आणि एररपण येत नाही. अर्धा दिवस साइटवर 'एक वर्षाची ठेव, ज्येष्ठ नागरिक, ० टक्के' असं होतं, मॅनेजरसाहेबांना खातेदारांचे फोन गेले तेव्हा कळलं.

उपाय: आकडा वाचायच्या आधी एसटीआरटीआर ने दहाही देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला. त्याच ओळीत स्वल्पविराम, टक्क्याचं चिन्ह आणि रिकाम्या जागा काढा, कारण स्वल्पविराम राहिला तर '१,००,०००' चा पुढे फक्त एक उरतो. मग इझ_न्यूमेरिक ने तपासा, आणि आकडा नसेल तर शून्य न साठवता जुनी किंमत तशीच ठेवा आणि ॲड_सेटिंग्ज_एरर ने मराठीत सांगा की 'दर आकड्यात लिहा'. एकदा 'साडेआठ' असंही आलं होतं, म्हणून सांगतेय.

फील्ड मी साधं टेक्स्टचंच ठेवते. दाखवताना परत मराठी आकडे करायचे तर ते टेम्प्लेटमध्ये करा, डेटाबेसमध्ये इंग्रजीच राहू द्या.

१४. मराठी मजकूर सेव करताना कधी गायब होतो, कधी मध्येच उलट्या रेघा येतात. कुठलं सॅनिटाइझ (मजकूर साफ करणारं फंक्शन) वापरू?

एका ओळीच्या मजकुराला सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड, अनेक ओळींना सॅनिटाइझ_टेक्स्टएरिया_फील्ड, दोन्ही देवनागरीला हात लावत नाहीत. गायब होतो तो सॅनिटाइझ_की मुळे, ते फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोअर ठेवतं, 'मुदत ठेव' दिलं की हातात रिकामी स्ट्रिंग. सॅनिटाइझ_टायटल गायब नाही करत पण टक्केवाली लांबलचक माळ करतं, एका देवनागरी अक्षरचिन्हाची नऊ अक्षरं होतात. पोस्टच्या स्लगचा कॉलम २०० अक्षरांचा आहे, म्हणजे मराठी स्लग जेमतेम बावीस चिन्हांत संपतो, आणि काना-मात्रा पण चिन्हंच धरायची बरं का.

उलट्या रेघा येतात कारण वर्डप्रेस फॉर्ममधून आलेल्या सगळ्या डेटाला आधीच स्लॅश लावून ठेवतं. स्वतः वाचत असाल तर आधी डब्ल्यूपी_अनस्लॅश, मग सॅनिटाइझ. सेटिंग्ज एपीआय वापरत असाल तर ते काम झालेलं असतं, परत करू नका. आणि छापताना ईएससी_एचटीएमएल किंवा ईएससी_एटीटीआर, सेव करताना साफ केलंय म्हणून छापताना सोडायचं नसतं.

१५. नॉन्स लावला म्हणजे पेज सुरक्षित झालं ना?

अर्धं. नॉन्स एवढंच सांगतो की हा फॉर्म याच माणसाने आपल्याच साइटवरून पाठवलाय. त्या माणसाला हे करायचा अधिकार आहे का ते करंट_यूझर_कॅन ने वेगळं विचारावं लागतं. दोन्ही तपासा, आणि दोन्ही काम करायच्या आधी.

नॉन्स जास्तीत जास्त २४ तास चालतो, मोजणी १२-१२ तासांच्या टप्प्यांत असल्यामुळे प्रत्यक्षात १२ ते २४ च्या मध्ये कुठेतरी मरतो. काल दुपारी उघडून ठेवलेल्या टॅबवर आज संध्याकाळी सेव केलं की 'द लिंक यू फॉलोड हॅज एक्स्पायर्ड' येतं ते त्यामुळे, पेज रिफ्रेश करून परत भरायचं. हाच मेसेज मोठी थीम झिपमधून अपलोड करताना पण येतो, पण तिथे कारण भलतंच असतं: फाइल सर्व्हरच्या पोस्ट_मॅक्स_साइझ पेक्षा मोठी, म्हणून पूर्ण फॉर्मच नॉन्ससकट रिकामा पोचतो.

१६. माझी सीएसएस, जावास्क्रिप्ट फक्त माझ्याच पेजवर कशी लोड करू? साइटची भाषा मराठी केल्यापासून लोडच होत नाहीये.

पहिला भाग सोपा: ॲडमिन_एन्क्यू_स्क्रिप्ट्स हुक तुमच्या फंक्शनला चालू पेजचं हुकनाव देतो, ते तुमचं असेल तरच फाइल घाला. न बघता सगळीकडे घातलीत तर दुसऱ्याचं पेज मोडतं आणि शिव्या तुम्हाला.

दुसरा भाग मजेशीर आहे. सबमेन्यूचं हुकनाव बनतं ते वरच्या मेन्यूच्या दिसणाऱ्या नावापासून, स्लगपासून नाही. नाव 'सोसायटी' असं इंग्रजीत होतं तेव्हा हुक होता सोसायटी_पेज_ आणि पुढे स्लग. तुम्ही तो कोडमध्ये तसाच लिहून टाकला. साइट मराठीत गेली, भाषांतरामुळे मेन्यूचं नाव 'पतसंस्था' झालं, आणि हुकनावाच्या सुरुवातीला त्या शब्दाची टक्केवाली माळ येऊन बसली. तुलना चुकली, फाइल लोड नाही. मेन्यूच्या नावापुढे बाकी अर्जांची संख्या दाखवत असाल तर अजून गंमत, संख्या बदलली की हुकनाव बदलतं, म्हणजे सकाळी चालतं आणि दुपारी नाही.

म्हणून हुकनाव कधीच हाताने लिहू नका. ॲड_सबमेन्यू_पेज ते परत देतं, ते व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि त्याच्याशीच तुलना करा.

१७. सेव झाल्यावर रीडायरेक्ट करतो तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' येतं.

कॉलबॅक चालेपर्यंत ॲडमिनचा वरचा भाग, मेन्यू वगैरे छापून झालेला असतो, तिथून रीडायरेक्ट होणार नाही. ते काम लोड- आणि पुढे हुकनाव अशा हुकवर करा (हुकनाव कसं मिळवायचं ते प्रश्न १६), किंवा सरळ ॲडमिन-पोस्ट.पीएचपी ने. डब्ल्यूपी_सेफ_रीडायरेक्ट नंतर एक्झिट लिहायचं विसरू नका. तरीही येत असेल तर पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगआधी एखादी स्पेस किंवा रिकामी ओळ शोधा, नाहीतर फाइल बीओएम (सुरुवातीची न दिसणारी खूण) सकट सेव झालेली असते.

१८. पोस्ट्ससारखी यादी हवीय, कॉलम, पानं, चेकबॉक्स सगळं. डब्ल्यूपी_लिस्ट_टेबल वापरू का?

वापरा, सगळे वापरतात. अधिकृतपणे तो क्लास खाजगी म्हणून नोंदवलेला आहे, म्हणजे ते कधीही बदलू शकतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. वापरायच्या आधी त्याची फाइल रिक्वायर करावी लागते. पण यादी लागतेय म्हटल्यावर एकदा प्रश्न २ परत वाचाच.

१९. पेज हवंय पण मेन्यूत दिसायला नको.

ॲड_सबमेन्यू_पेज मध्ये पेरेंटच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्या. जुन्या लेखांमध्ये नल द्यायला सांगितलेलं असतं, पण पीएचपी ८.१ पासून त्यावर डेप्रिकेटेडच्या सूचना येतात. उलट बाजूने, वर्डप्रेसचे स्वतःचे मेन्यू रिमूव्ह_मेन्यू_पेज ने काढले म्हणजे ती पेजं बंद झाली असं नाही, पत्ता माहीत असेल त्याला उघडतातच. ते नुसतं नजरेआड करणं आहे, अडवायचं असेल तर कॅपेबिलिटीनेच.

२०. मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) नेटवर्क ॲडमिनमध्ये पेज केलं, सेव होत नाही.

होणार नाही, ऑप्शन्स.पीएचपी तुमचे नेटवर्कचे सेटिंग साठवत नाही. मेन्यू नेटवर्क_ॲडमिन_मेन्यू हुकवर, कॅपेबिलिटी मॅनेज_नेटवर्क_ऑप्शन्स, फॉर्मची ॲक्शन एडिट.पीएचपी आणि त्यापुढे ॲक्शनचं नाव, मग नेटवर्क_ॲडमिन_एडिट_ आणि ते नाव अशा हुकवर स्वतः तपासून अपडेट_साइट_ऑप्शन. रीडायरेक्टही स्वतःच.

२१. रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टची लायब्ररी) करू का हे सगळं?

तीन फील्डच्या फॉर्मला नको. मोठं पेज असेल तर करा, ब्लॉक एडिटरचेच बटण-चौकटी वापरता येतात आणि दिसायला सुबक होतं. रजिस्टर_सेटिंग मध्ये शो_इन_रेस्ट द्यावं लागतं, आणि ती नोंद रेस्टच्या (जावास्क्रिप्टने डेटा मागायची-पाठवायची सोय) विनंतीला पण सापडायला हवी, म्हणून फक्त ॲडमिन_इनिट वर ठेवून भागत नाही, इनिट वर करा. एक खोच: सेटिंग्जचा जो तयार रेस्ट पत्ता आहे तो मॅनेज_ऑप्शन्सच मागतो, प्रश्न ९ मधलं फिल्टर तिथे उपयोगाचं नाही. एडिटरला सेव करू द्यायचं तर स्वतःचा रेस्ट पत्ता नोंदवा आणि त्याच्या परवानगीच्या कॉलबॅकमध्ये तुमची कॅपेबिलिटी तपासा.

२२. माझं तपासणीचं कॉलबॅक पहिल्या वेळी दोनदा चालतंय असं वाटतंय. वेड लागलंय का मला?

नाही, खरंच दोनदा चालतं. ऑप्शन डेटाबेसमध्ये अजून नसेल तर अपडेट_ऑप्शन आधी तपासून घेतं आणि मग ॲड_ऑप्शन ला बोलावतं, ते परत तपासतं. दुसऱ्या सेवपासून एकदाच. बहुतेकांना कळतही नाही, कारण दोनदा साफ केलेला मजकूर तसाच राहतो. मी मात्र शहाणपणा करून दशांश टाळायला दर शंभराने गुणून साठवत होते, साडेआठचे ८५०. पहिल्या सेवला काकांच्या समोर स्क्रीनवर ८५० टक्के आले, कारण आत ८५,००० पडले होते. ते शांतपणे म्हणाले, 'मॅडम, या दराने मी पण ठेवतो.'

गुणाकार-भागाकार तपासणीच्या कॉलबॅकमध्ये करू नका, वाचताना करा. नाहीतर प्लगिन चालू करतानाच ॲड_ऑप्शन ने डीफॉल्ट किंमत टाकून ठेवा, म्हणजे पहिली वेळ येतच नाही.

२३. प्लगिन काढलं तर साठवलेले दर जातात का?

बंद केलं तर नाही, आणि तेव्हा तुम्ही मुद्दाम पुसूही नका, लोक काहीतरी बिघडलं की आधी प्लगिनं बंद-चालू करून बघतात. डिलीट केल्यावर पुसायचे असतील तर प्लगिनच्या फोल्डरमध्ये अनइन्स्टॉल.पीएचपी ठेवा, त्यात डब्ल्यूपी_अनइन्स्टॉल_प्लगिन हा कॉन्स्टंट आहे का ते आधी बघा आणि मग डिलीट_ऑप्शन. एमयू-प्लगिन असेल तर (प्रश्न ३) ही फाइल चालतच नाही, तिथे हाताने पुसावं लागतं. पतसंस्थेसाठी मी ती फाइल ठेवलेलीच नाही, दोन ओळींचा डेटा आहे, राहू दे तिथेच.